श्रावणात पाहणी नको

रोहिणखेड ऐन घाटाखाली. गावामागे अजिंठ्याचा डोंगर उठतो, वर बुलढाण्याचं पठार. इतिहासवाले इथे १४३७ ची लढाई आणि १५८२ ची मशीद शोधत येतात. मी सालईची झाडं बघतो. डोंगरावर उद्यान करायचं ठरलं की तिथे कोणती झाडी शोभेल आणि टिकेल, हे सांगणं माझं काम.

त्यासाठी तक्ता असतो. सावली, फुलोरा, पक्षी, देखभाल, प्रत्येकाला गुण आणि शेवटी बेरीज. ही बेरीज मला पटत नाही. गुलमोहर फुलोऱ्यात पैकीच्या पैकी घेतो आणि उथळ मुरमात वादळाला आडवा होतो. म्हणून माझा पहिला प्रश्न पास-नापासाचा: तिसऱ्या उन्हाळ्यात टँकरशिवाय जगेल का? जगणार नसेल, तर पुढचे रकाने भरायचेच नाहीत.

मग पहार मारायची. चार बोटं माती आणि खाली खण्ण आवाज आला, तर तिथे सालई, मोवई. सालई खडकाच्या फटीत मूळ घालते. फांदी रोवली तरी फुटते. पायथ्याला माती साठते, तिथे मोह, बेहडा. उताराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात ओल टिकते आणि पाहणारा भुलतो. मेअखेरीस सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, तेव्हा ती सवलत संपते.

सालई उन्हाळ्यात निष्पर्ण होते, ही कायमची तक्रार. ‘वाळकं जंगल’ कोण बघायला येणार? मग गिरिपुष्प, सुबाभूळ सुचवली जाते, कारण हिरवं लवकर दिसतं. घाणेरीसुद्धा बागेची शोभा म्हणूनच अमेरिकेतून आली होती. आता ती डोंगरात पाय ठेवू देत नाही. निष्पर्ण सालईजवळ जाऊन बघा तरी. साल पातळ कागदासारखी सुटते, आत हिरवट अंग दिसतं. मला तरी ती गुलमोहरापेक्षा देखणी वाटते.

आणि पवन्या, मारवेल वाढलेली मोकळी उतरण ‘रिकामी’ धरून खड्डे खणू नका. माती धरून ठेवण्याचं काम ते गवत आधीपासून करतंय.

उद्यान ठरवणाऱ्या समितीवाल्यांना एकच विनंती. पाहणी श्रावणात ठेवू नका, श्रावणात टाकळाही सुंदर दिसतो. मेमध्ये या, भर दुपारी, आणि गाडी घाटाखालीच ठेवा.