मिलफर्डला जाताय? घाई नको!

न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडवर आपला हात लगेच बसतो, कारण तिथेही ड्रायव्हिंग डावीकडूनच! क्वीन्सटाऊन ते मिलफर्ड साऊंड साधारण 290 किलोमीटर. अनेक जण एका दिवसात जाऊन परत येतात. आम्ही चौघांनी मात्र वाटेत टे अनाऊला मुक्काम ठोकला. बेस्ट डिसिजन!

टे अनाऊत टाकी फुल्ल करून घ्या. पुढे मोबाइलची रेंज गुल. मग काय, स्टिअरिंगवरून भांडणं, गाण्यांवरून भांडणं... आणि ‘मिरर लेक्स’च्या पाण्यात उलटे डोंगर दिसले की सगळे चिडीचूप!

त्यानंतर येतो होमर टनेल. सुमारे 1.2 किलोमीटरचा, खडकातून खोदलेला, मिलफर्डकडे उतरत जाणारा. मंदीच्या काळात, 1935 मध्ये, बेरोजगार माणसांनी कुदळ-फावडी घेऊन त्याचं काम सुरू केलं. हिमकडे कोसळून काही कामगारांचा जीव गेला. गाड्यांसाठी बोगदा खुला व्हायला 1954 उजाडलं. आपण तो काही मिनिटांत पार करतो. हे ठाऊक असलं, की नुसतं ‘बोट किती वाजता?’ विचारत सुसाट जाववत नाही.

बोगद्यापाशी किआ नावाचे पहाडी पोपट भेटतात. गाडीचं रबर कुरतडण्यात पटाईत! फोटो काढा, खाऊ देऊ नका.

मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. भिजलात तर हिरमुसू नका. ताम्हिणीसारखंच इथेही पावसातच कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. मे ते नोव्हेंबर चाकांसाठी चेन्स मात्र हव्यातच. हिमकड्यांच्या धोक्यामुळे रस्ता बंदही होतो. म्हणून हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.