हेडच्या पोटातली वाळू

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात बँडसॉ चालू झाला की आत लोखंड कापतायत की ॲल्युमिनियम, हे रस्त्यावरूनच कळतं. लोखंड किंचाळतं. ॲल्युमिनियम मऊ, ते पात्याच्या दातांत चिकटून बसतं, म्हणून कूलंटची धार सोडायची आणि घाई करायची नाही. त्यातून मोटारसायकलचं सिलिंडर हेड असेल तर आवाज सारखा बदलतो. भरीव, पोकळ, पुन्हा भरीव.

चांगलं हेड कापणं जिवावर येतं. पण एक्स-रे काढा, हवा भरून लीक टेस्ट घ्या, नव्या डायचं कास्टिंग कापून बघितल्याशिवाय फौंड्रीवाल्याला चैन पडत नाही. भिंत हवी तेवढी जाड आली का? आतली पोकळी घडवणारा कोअर सरकला का? ॲल्युमिनियम गोठताना आकसतं आणि वितळलेलं असताना शोषलेला हायड्रोजन बाहेर टाकतं. दोन्हींची खूण म्हणजे कापलेल्या तोंडावरचे सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. जाड भागात ते हमखास सापडतात.

चाकणला बनणाऱ्या दोन गाड्यांची हेडं कापून शेजारी ठेवावीत. पल्सरला 2003 साली डीटीएस-आय आलं, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या जोडीला दोन प्लग. एवढ्याशा घुमटात चार भोकं, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्या. जळत्या वायूचं तापमान 2000 अंशांच्या वर जातं, ॲल्युमिनियम तर 660 लाच वितळतं. पट्टी टिकते ती उष्णता मागच्या मागे हवेनं थंड होणाऱ्या बाहेरच्या पंखांकडे पळते म्हणून. 2012 ची ड्यूक 200 मात्र पाण्यावर थंड होणारी. तिच्या हेडात चार व्हॉल्व्हच्या भोवतीनं वॉटर जॅकेट, म्हणजे पाण्याची वाट, वारुळासारखं वळत जातं. एवढी वळणं घेणारी वाट कुठलं ड्रिल पाडणार?

ती वाट वाळूची असते. वाळूत रेझिन मिसळून कोअर बनवायचा, तो डायमध्ये बसवायचा, भोवती सातशेच्या आसपास तापलेला रस ओतायचा. उष्णतेनं रेझिन जळतं, वाळू सुटते, ठोकून-हलवून बाहेर काढतात. कोअर शॉपमध्ये बऱ्याच ठिकाणी बायका असतात. कोअरच्या कडेला आलेली जादा वाळूची फिन घासायची, टवका उडालेला बाजूला काढायचा, उरलेला तान्ह्या पोराला धरावं तसा उचलायचा. एवढं जपलेलं काम पुढे फोडूनच टाकायचं असतं. गाडीच्या जाहिरातीत डिझायनर दिसतो, रायडर दिसतो. ही बाई कुठेच नसते.

कापलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे हवा-धुराच्या तशाच वाळूनं घडलेल्या वाटेत, मात्र तिचं काम दिसतं. भिंतीला वाळूचा खरखरीतपणा तसाच असतो, आणि लांबीभर एक बारीक उंचवटा जातो. कोअर बॉक्सचे दोन भाग जुळले, तिथली ती रेघ. पिकअप वाढवायचा म्हणून पोरं पोर्ट पॉलिश करून घेतात, तेव्हा आधी हीच रेघ जाते. जाऊ दे, मोटारसायकल शेवटी पळवायलाच असते.

आयटीआयचं मात्र पटत नाही. तिथं कट सेक्शनचं इंजिन ठेवतात आणि त्याला छान रंग देतात: इनलेट निळा, एक्झॉस्ट लाल. हवा कुठून येते, धूर कुठून जातो, हे पोरांना समजतं. पण रंगाच्या थराखाली ठिपके बुजतात, खरखर बुजते, रेघही बुजते. याच पोरांना उद्या चाकणच्या लाइनवर कास्टिंग पास की रिजेक्ट हे ठरवायचं असतं. मास्तर, एक अर्धा भाग रंगवा, दुसरा तसाच ठेवा. आणि पोरांना त्यावरून बोट फिरवू द्या.