कडेच्या ओळी

सांगलीतल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर अजूनही 'व्हिडिओ कॅसेटवरून सीडी-डीव्हीडी करून मिळेल' असं लिहिलेलं आहे. डीव्हीडी मागणारं गिऱ्हाईक आता महिन्याकाठी एखादं. बाकीचे पेनड्राइव्हच पुढे करतात. पण ज्या कामावर इतकी वर्षं चूल पेटली, त्याचं नाव पाटीवरून पुसायला हात होत नाही.

या धंद्यात मी आलो तो लाइटवाला म्हणून. कॅमेरामनच्या खांद्यावर भला मोठा व्हीएचएस कॅमेरा आणि त्याच्या मागे हॅलोजन उंच धरून मी. मंगलाष्टका संपेस्तोवर हात खाली घ्यायचा नाही आणि काही झालं तरी फ्रेममध्ये यायचं नाही, एवढीच शिकवण. पुढे मिक्सिंग शिकलो, दुकान घातलं, संगणक आला आणि लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटी घेऊन येऊ लागले.

पहिली कॅसेट संगणकावर कॅप्चर केली तेव्हा मी चरकलोच. चित्राच्या तळाशी एक वाकडी पट्टी सारखी सरसरत होती. दोन्ही कडांना काळ्या रेघा. गिऱ्हाईक म्हणालं, "आमच्या टीव्हीवर हे कधीच नव्हतं बघा." त्याचंही बरोबर होतं आणि कॅसेटही ठणठणीत होती. व्हीसीआरमधला ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. त्याच्यावरची दोन हेड आळीपाळीने चित्र वाचतात, आणि एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवलं की त्याचा धक्का तळच्या आठ-दहा ओळींत उमटतो. जुना ट्यूबचा टीव्ही चित्राची कड चौकटीआड दडवायचा, म्हणून तो धक्का घरात कुणाला दिसला नव्हता. कड अशी दडवण्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. संगणक मात्र काही दडवत नाही. एका कॅसेटीत डाव्या कडेला एक कोपर दिसलं, पिवळ्या उजेडात, शर्टाची बाही दुमडलेली. नीट पाहिलं तर ते माझंच! फ्रेममध्ये न येण्याची शिकवण मी तितकीशी पाळली नव्हती, आणि इतकी वर्षं टीव्हीने ते झाकलं होतं.

तर या कडेचं करायचं काय? नवशिका कापतो. मीही कापायचो. तळच्या बारा ओळी कापल्या आणि उरलेलं चित्र ताणून पुन्हा ५७६ ओळींचं केलं की काम झालं, असं वाटायचं. पण व्हीएचएसचं चित्र एकसंध नसतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. असं विणलेलं चित्र उभं ताणलं की शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या माणसाच्या अंगावर त्याचंच भूत चढतं. वरून एकच ओळ कापली तर आणखी पंचाईत. समची विषम आणि विषमची सम होते, मागचा क्षण पुढे आणि पुढचा मागे. वरातीत नाचणारी पोरं मग अंगात वारं शिरल्यासारखी थरथरतात. म्हणून वरून-खालून कापायचंच तर चारच्या पटीत, आणि ताणायचं तर नाहीच.

हळूहळू कळलं की कड कापण्यापेक्षा झाकलेली बरी. खराब पट्टीवर तेवढ्याच मापाचा काळा पडदा टाकायचा. चित्र जागचं हलत नाही, माप ७२० बाय ५७६ तेच राहतं. टीव्ही ट्यूबचा असेल तर पडदा त्याच्या चौकटीआड जातो. आणि डीव्हीडीत जागाही वाचते. डीव्हीडी ४.७ जीबीची. तीन तासांचं लग्न तिच्यात कोंबायचं तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. एमपीईजी चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात मागच्या क्षणापासून काय बदललं ते लिहितो. त्या सरसरत्या पट्टीत दर क्षणी सगळंच बदलतं. म्हणजे नवरीच्या चेहऱ्याला मिळायचे ते बिट हा कचरा खाऊन टाकतो. काळ्या पडद्याला मात्र जवळजवळ काहीच लागत नाही. पडदा सोळा ओळींचा ठेवला की त्याची कड चौकोनांच्या मापात बसते.

चित्रावर टाकायच्या नावांचंही असंच. मिक्सिंगमध्ये 'चि. सौ. कां.' अगदी कडेला टाकलं की संगणकावर झकास दिसायचं, आणि गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर 'चि.' गायब व्हायचं. चारी बाजूंनी दहा-दहा टक्के जागा मोकळी सोडायची हे पुस्तकात वाचलं होतं खरं, पण ते अंगी मुरलं एका वरबापाच्या शिव्या खाल्ल्यावर.

हे सगळं येत असूनही मी एक चूक केली. तिचं मला अजून वाईट वाटतं.

२००८ साली एक निवृत्त गुरुजी आले. लेकीचं लग्न १९९४चं, कॅसेटी तीन. घरी नवा रुंद टीव्ही आलेला. त्यावर जुनं चित्र लावलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडतात, ते त्यांच्या नातवाला खुपत होते. "भरून दिसेल असं करून दे रे," गुरुजी म्हणाले. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये भरायचं तर वरून ७२ आणि खालून ७२ ओळी जातात. ५७६ च्या उरतात ४३२, म्हणजे चार आण्यांचं चित्र गेलं. ताणल्यावर चित्र थोडं धूसरही होतं, तेही मला माहीत होतं. पण गिऱ्हाइकाने मागितलंय म्हटल्यावर मी सगळ्या लग्नाला एकच कात्री लावली, रात्रभर रेंडर केलं आणि सकाळी डीव्हीडी हातात ठेवली.

चार-पाच महिन्यांनी गुरुजी परत आले. लेक माहेरी आली होती, सगळ्यांनी मिळून लग्न पाहिलं होतं.

"सप्तपदी आहे रे त्यात," ते म्हणाले, "पण पावलं कुठायत?"

मी डीव्हीडी लावली. होमाचा धूर, भटजी, नवरा-नवरीचे कमरेपर्यंतचे देह, कडेने पुढे सरकणारे. खाली तांदळाच्या सात राशी, त्यावरच्या सुपाऱ्या आणि एकेक राशीवर टेकणारं तिचं पाऊल, सगळं त्या ७२ ओळींत होतं. माप ओलांडायच्या वेळीही तेच. उंबऱ्यावर सगळे खाली बघतायत, आणि खाली काहीच नाही.

मी म्हणालो, "कॅसेटी घेऊन या, फुकटात नवीन करून देतो." गुरुजी म्हणाले, "कॅसेटी कुठल्या? डीव्हीडी झाली म्हणून तुझ्या काकूंनी भंगारात दिल्या." कॅप्चर केलेली मूळ फाइल माझ्याकडे असायला हवी होती. पण एका तासाच्या कॅप्चरला १३ जीबी लागायचे, संगणकात मोजकीच जागा, आणि दारात पुढचं लग्न उभं. मी ती पुसून टाकली होती. गुरुजी रागावले नाहीत. "असू दे, चालली ती, आम्हाला आठवतंय," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून मूळ कॅप्चर पुसायचं नाही, असा दुकानाचा नियम आहे. काळे पट्टे नकोत म्हणणाऱ्याला मी टीव्हीवर दोन्ही चित्रं लावून दाखवतो. पट्टे नसलेलं त्याला आधी आवडतं. मग मी सप्तपदीपर्यंत पुढे नेतो. बहुतेक जण पट्टे राहू द्या म्हणतात.

व्हीसीआर करणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कॅसेटी वाचणारी यंत्रं आता आहेत तेवढीच. तेव्हा कपाटातली कॅसेट यंदाच्या पावसाळ्याआधी काढा, तिच्यावर पांढरी बुरशी असेल तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, जाणकाराकडे न्या. त्याच्याकडून न कापलेली मूळ फाइल मागून घ्या. कापायचं ते तिच्या प्रतीवर कापा. आणि आमच्यासारखं कृष्णाकाठी घर असेल, २००५ आणि २०१९ चं पाणी पाहिलं असेल, तर दुसरी एक प्रत नदीपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.