तेरची मापं

आमच्या देवगाव रंगारीहून वेरूळ जवळ, त्यामुळे कॅमेऱ्यावर माझा हात बसला तो कैलास लेण्यात. तिथे आकाराचा प्रश्न येत नाही. दगडी हत्तीशेजारी सहलीतलं एखादं पोर येऊन उभं राहतं आणि हत्ती केवढा ते कळतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयावर माहितीपट करायला घेतला, तेव्हा ही सोय गेली.

काचेमागे सातवाहनकाळातले मणी, दुहेरी साच्यातून काढलेल्या केओलिनच्या पोकळ बाहुल्या, आणि तेरची ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्री. तिच्याच जातकुळीची एक मूर्ती 1938 साली इटलीत, पाँपेईच्या राखेत सापडली. ती साधारण वीतभर. तेरची तिच्याहून लहान. पण मॅक्रो लेन्स लावली की ही पडदाभर होते, थेट वेरूळच्या द्वारपालाएवढी. दिसते देखणी, पण खोटी. शेजारी मापपट्टी ठेवावी तर पंचनाम्याचा फोटो वाटतो. निवेदनात सेंटिमीटर सांगावेत तर कोण लक्षात ठेवतो?

म्हणून ट्रायपॉड उचलून गावात आलो. (तेरवरचे कॅमेरे बहुधा गोरोबाकाकांच्या मंदिराशी थांबतात. मी पुढे गेलो.) इथल्या पांढरीच्या टेकाडांवर पावसाने माती धुपली की जुन्या वस्तू उघड्या पडतात. अशाच वस्तू लामतुरे जमवत गेले आणि त्यांच्या संग्रहातून हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. मण्यांबद्दल विचारलं, तर एका मावशींनी अंगठ्याचं नख करंगळीच्या पेरावर टेकवलं. ‘‘एवढुसा असतोय बगा, जवारीवानी.’’ मला माप मिळालं. त्यांच्या बोटांनंतर काचेतला मणी दाखवला, की लेन्स कितीही जवळ नेली तरी तो ज्वारीएवढाच राहतो.

अंतराचंही तसंच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगर, म्हणजे तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. माल गाड्यांतून भडोचला जाई. नकाशावर सरकणारा लाल बाण हे अंतर तीन सेकंदांत संपवतो, म्हणून तो काढला. बैलगाडीमागे चालत घेतलेला एकसलग शॉट ठेवला.

संकलकाने वाद घातला: नावात संग्रहालय, आणि पहिलं कपाट इतक्या उशिरा? क्रम मी बदलला नाही. एसटी स्टँडचा शॉट मात्र अर्ध्यावर आणला. तो खरंच कंटाळवाणा होता.