आमच्या घरातल्या दोन गायक्या

आमच्या घरात गाण्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी वाटणीवरूनही झाली नाहीत. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला आई आणि आत्या, आणि मध्ये आम्ही भावंडं, ज्याच्या हातात रेडिओचं बटण त्याच्या पक्षात. घर मिरजेतलं. ज्या गावात सतारमेकरांच्या दुकानांतून दिवसभर तंबोऱ्याच्या तारा जुळवल्या जातात आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं, तिथे गाण्यावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. ज्यांना गाता येत नव्हतं त्यांची मतं तर जास्तच ठाम असायची.

आजोबांचा पक्ष तानेचा. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे नाटकातलं पद, आणि पदाची लायकी ठरायची ती त्याला किती 'वन्स मोअर' पडले यावरून. १९२१ मधल्या 'संयुक्त मानापमान'ची हकीकत ते अशी सांगत, की जणू पहिल्या रांगेत बसले होते. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, दोन कंपन्यांचे दोन सम्राट एका रंगमंचावर. प्रयोग मुंबईला झाला, आणि त्या वेळी आजोबा मिरजेत पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते, हे आम्हाला आजीने फार नंतर सांगितलं. तोवर आम्ही ती हकीकत शाळेत चार जणांना ऐकवून मोकळे झालो होतो. मास्टर दीनानाथांचं नाव निघालं की मात्र आजोबा हातवारे करून हवेत तान काढून दाखवत. गळ्यातून काही यायचं नाही, पण हात बरोबर समेवर पडायचा.

आईचा पक्ष रेडिओचा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक गाणं याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली. तेव्हा आई नवी नवरी होती. शेजारच्या वकिलांकडे रेडिओ होता, त्यांच्या ओसरीवर बायका बसत. आईला गदिमांचे शब्द पाठ व्हायचे आणि चाल अर्धी राहायची. अर्धी चाल ती दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना आपली आपण पुरी करायची. पुढे घरी रेडिओ आला, आजोबाही ऐकू लागले, आणि राम भरताची समजूत घालतो त्या गाण्यावर त्यांनी जाहीर तक्रार केली. "नऊ-दहा कडवी, आणि एक तान नाही? माणूस गातोय की पोथी वाचतोय?"

आई काही बोलली नाही. सासऱ्यांना उलट उत्तर द्यायची रीत नव्हती. बोलली ती आत्या. "दादा, राम बापाच्या मृत्यूची बातमी ऐकून बसलाय. तो तान घेईल का?" आजोबा म्हणाले, "बालगंधर्वांनी घेतली असती." त्यावर आत्याचं म्हणणं असं, की बालगंधर्वांनी घेतली असती तरी ती रडण्यातून निघालेली वाटली असती, आणि ते प्रत्येकाला जमत नाही. एवढं मात्र आजोबांना पटलं असावं, कारण ते पान लावायला लागले.

आत्या गाणं शिकलेली होती. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत ती विशारदपर्यंत पोचली होती. तिची भावगीतांची वही अजून आमच्याकडे आहे. निळ्या शाईत शब्द, आणि शब्दांच्या मध्येमध्ये पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा. त्या रेघा म्हणजे श्वास घ्यायच्या जागा. एखाद्या गाण्यात खोडरबराने तीन-तीनदा पुसून रेघ सरकवलेली दिसते, कारण श्वास चुकीच्या ठिकाणी घेतला की शब्द तुटतो आणि भलताच अर्थ निघतो. सुधीर फडक्यांचं गाणं रेडिओवर लागलं की ती हातातलं काम टाकून रेडिओला कान लावायची. तिला त्यांचा श्वास ऐकायचा असायचा. "बाबूजी श्वास घेतात कुठे, सापडतच नाही," असं म्हणायची. यशवंत देव या प्रकाराला 'शब्दप्रधान गायकी' म्हणत, त्याच नावाचं त्यांचं पुस्तकही आहे. आत्याने ते पुढे विकत आणलं आणि निम्म्याहून अधिक ओळींखाली रेघा मारल्या.

आजोबांची बाजू अगदीच लेचीपेची नव्हती, हे आता वय झाल्यावर कळतं. त्यांनी ज्या काळात नाटकं पाहिली, त्या काळी रंगमंचावर मायक्रोफोन नव्हता. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर पट्टी चढी हवी, गळ्याला धार हवी. पुटपुटलेला शब्द तिसऱ्या रांगेतच विरायचा, तान मात्र थेट भिंतीवर जाऊन आदळायची. मायक्रोफोन आला आणि हळू गाणं शक्य झालं. गजाननराव वाटवे गणेशोत्सवात पुण्याच्या चौकात पेटी घेऊन बसत आणि रस्ता भरून माणसं ऐकत, ती या लाउडस्पीकरच्या जिवावरच. कानाशी बोलल्यासारखं गाणं हजारो कानांशी एकदम बोलता येऊ लागलं, तेव्हाच भावगीताला घराघरात बसायला जागा मिळाली. तबकडीवर गाण्याला मिळायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात कवितेची दोन-तीन कडवी सांगायची तर गळ्याच्या कसरतींना वेळ उरणार किती?

पण तान नसली म्हणजे भाव आला, असं आत्याही कधी म्हणाली नाही. उलट तिचे आवडते गायक पाहिले तर एकजात तयार गळ्याचे. माणिक वर्मांची तालीम किराण्याची, ख्यालाच्या मैफली गाजवणारा गळा. तोच गळा भावगीतात एक छोटीशी मुरकी घेऊन थांबायचा. 'गुळाचा गणपती'त पु. लं.नी १९५३ मध्ये भीमसेन जोशींकडून 'इंद्रायणी काठी' गाऊन घेतलं. ज्या माणसाच्या ताना ऐकून लोक खुर्चीला घट्ट धरून बसत, तो इथे देवळाच्या पायरीशी बसल्यासारखा गातो. ते गाणं लागलं की आमच्या घरातली दोन्ही माणसं गप्प होत. आजोबा भीमसेनांसाठी, आत्या गाण्यासाठी. फोडणी कशी करायची ते ठाऊक असलेल्या बाईनेच साधं वरण करावं, तशी ती गाणी होती.

१९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि पुढे कधीतरी सांगलीला आम्ही सगळे ते बघायला गेलो. दारव्हेकरांनी जणू आमच्या घरातलं भांडणच रंगमंचावर मांडलं होतं. 'घेई छंद' हे एकच पद अभिषेकीबुवांनी दोन चालींत बांधलं, एक संथ आणि मुरलेली, दुसरी चपळ, आव्हान देणारी. आजोबा वसंतराव देशपांड्यांच्या चपळ चालीला 'वन्स मोअर' ओरडले, तेही उभं राहून. आई संथ चालीला पदर डोळ्यांना लावून बसली होती. परतीच्या गाडीत दोघंही आपलाच पक्ष जिंकला या समाधानात. वसंतरावांनीच पुढे १९७९ च्या 'अष्टविनायक'मध्ये लेकीची पाठवणी करणाऱ्या बापाचं गाणं गायलं. ते आजोबांनी रेडिओवर ऐकलं आणि खोलीतून उठून बाहेर गेले. आत्याच्या लग्नालाही ते असेच मांडवातून उठून गेले होते.

आत्याच्या लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं. त्या काळी मुलगी बघायच्या कार्यक्रमात कांदेपोह्यांनंतर गाणं ठरलेलं. नाट्यगीत नको, ते फार पुढारलेलं दिसतं. ख्याल तर नकोच. भावगीत चालायचं. एका स्थळाच्या वडिलांनी गाणं संपल्यावर विचारलं, "मुलीला तान येत नाही वाटतं?" आत्या खाली बघत म्हणाली, "येते. पण या गाण्यात नाही." ते स्थळ काही जमलं नाही. आजोबा मात्र आठवडाभर ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते, आणि पक्ष बदलल्यासारखे खूश होते.

पुढे कॅसेट आल्या, मग टीव्ही आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा. २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मधल्या मुलांनी जुनी नाट्यपदं आणि अभंग पुन्हा घरोघरी नेले, हे उपकार विसरून चालणार नाही. आणि एसएमएस पाठवणारी जनता ही आजोबांचीच नातवंडं, फक्त 'वन्स मोअर'ला आता पैसे पडत होते. माझी तक्रार वेगळी आहे. स्पर्धेत वेळ दोन-तीन मिनिटं, त्यात टाळी पडायलाच हवी, म्हणून एक अंतरा कापायचा आणि शेवट वरच्या षड्जावर न्यायचा. खळेकाकांच्या 'श्रावणात घननिळा'त प्रत्येक अंतऱ्याची चाल निराळी आहे. त्यातले अंतरे गाळले तर उरतं ते गाण्याचं जाहिरातपत्रक.

याहून मोठी फसवणूक भावाच्याच नावाने चालते. आवाजात उसासा भरायचा, शब्द ओला करायचा, डोळे मिटून मान हलवायची. कॅमेरा लगेच आईबापांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर. यात तान एकही नसते आणि देखावा तानेहून दुप्पट असतो. तान खोटी असली की निदान बेसूर होऊन पकडली तरी जाते. आत्या असल्या गाण्याला 'गळा काढणं' म्हणते.

ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. माझी पुतणी तिच्याकडे शिकायला येते. पहिले दोन दिवस गायचं नाही, कविता नुसती मोठ्याने वाचायची, हा नियम अजून चालू आहे. मुलगी कंटाळते, फोन बघते, मग वाचते. मध्यंतरी तिने कॉलेजच्या स्पर्धेत एक भावगीत सरळ, एकही हरकत न घेता गायलं आणि पहिल्या फेरीतच बाहेर पडली. घरात एकच गहजब झाला. परीक्षकांना कान नाहीत, लोकांना फक्त कसरती हव्यात, भावाला आज किंमतच नाही, वगैरे. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आत्याने फोनवर केलेलं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि पुतणीला म्हणाली, "अंतऱ्यात धैवत उतरलाय तुझा. उद्या सकाळी लवकर ये, आधी तो लावू."