मरुत् आणि मरुत्सखा : बंगळुरांतील एक दिवस

बंगळुरास जाणारे आमचे बहुतेक स्नेही लालबागेंतील फुलें पाहून आणि म्हैसुरी रेशमाचीं लुगडीं घेऊन परत येतात. गेल्या माघांत आम्ही तेथें गेलों तों मात्र एक जुना हिशेब चुकता करण्यासाठीं. तो हिशेब वाचकांस आधीं सांगितला पाहिजे.

शाळेंत संस्कृताच्या तासाला आम्ही मुलांना एक कथा मोठ्या अभिमानानें सांगत असूं. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें विमान उडविलें, म्हणजे राइटबंधूंच्या आधीं आठ वर्षें; आणि त्याची विद्या भरद्वाजमुनींच्या ‘वैमानिकशास्त्रां’त आहे, अशी ती कथा. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तें उडतांना कोणीं पाहिलें?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें; म्हणून त्यासच तासभर बाकावर उभें केलें. तो मुलगा आज बंगळुरांत विमानविद्येचा अभियंता आहे. ‘गुरुजी, एकदां या. दोन स्थळें दाखवितों. एका ठिकाणीं विमानाचा कागद तपासला गेला, दुसऱ्या ठिकाणीं कागदाचें विमान झालें,’ असें त्याचें आग्रहाचें पत्र आलें आणि आम्हीं गांठोडें बांधलें.

पहिलें स्थळ म्हणजे टाटांच्या देणगींतून १९०९ सालीं स्थापन झालेली भारतीय विज्ञानसंस्था. आंत शिरतांच शहराचा कोलाहल मागें राहतो. दुतर्फा मोठमोठे वृक्ष, आणि त्यांच्या छायेंत दगडी इमारत. १९४२ सालीं येथें विमानविद्येचा विभाग निघाला, तेव्हां त्याच्या अग्रभागीं विष्णु माधव घाटगे हे महाराष्ट्रीय होते. जर्मनींत प्रांट्ल या महापंडिताच्या हाताखालीं ते हवेचें गतिशास्त्र शिकून आले होते.

झाडाखालच्या बाकावर बसून आमच्या विद्यार्थ्यानें पिशवींतून एक निबंध काढला. १९७४ सालीं याच संस्थेंतील पांच संशोधकांनीं ‘वैमानिकशास्त्रा’चें परीक्षण करून तो प्रसिद्ध केला आहे. आम्हीं चष्मा लावून तो तेथेंच वाचला. याच परिसरांतील आनेकल येथें राहणारे सुब्बराय शास्त्री यांनीं हा ग्रंथ १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगून लिहवून घेतला. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांच्या आकृति १९२३ सालीं एल्लप्पा नांवाच्या आरेखकानें काढल्या. शकुनास पंख व शेपूट, तर त्रिपुर म्हणे भूमि, जल व आकाश या तिहींत संचार करणारें! संशोधकांनीं उपहास न करतां या आकृति उड्डाणाच्या नियमांस लावून पाहिल्या. निष्कर्ष असा कीं, यांपैकीं एकही विमान उडूं शकणार नाहीं, आणि ग्रंथाची रचना १९०४ च्या पूर्वींची नाहीं. तळपदे यांचाही त्यांत उल्लेख आहे : शास्त्रीबोवांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं कांहीं प्रतिकृति केल्या, परंतु त्या उडाल्या नाहींत.

ग्रंथाची भाषा सोपी व अर्वाचीन आहे, असेंही त्या निबंधांत म्हटलें आहे. हें वाचून आम्हांस अधिक लाज वाटली. अभियंत्याचें गणित आम्हांस न कळणें क्षम्य. पण संस्कृत तर आमचा विषय! ज्या ग्रंथाचा गौरव आम्ही वर्षानुवर्षें केला, त्याचीं पानें आम्हीं एकदांही उलटलीं नव्हतीं.

तिसऱ्या प्रहरीं शहराच्या पूर्वेस हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयांत गेलों. वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालीं काढलेल्या विमानकंपनीचा हा पुढील वंशविस्तार. घाटगे यांनीं आखलेलें एच. टी. २ हें शिकाऊ विमान १९५१ सालीं येथेंच उडालें. परंतु आमचा विद्यार्थी आम्हांस थेट अंगणांतील एका विमानाकडे घेऊन गेला. मागें झुकलेले पंख, निमुळती चोंच, आणि मध्यें सिंहासारखी बारीक कंबर. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो. पंखांपाशीं धड असें आवळल्यानें तो घटतो, असें त्यानें समजाविलें. नांव विचारलें, तों म्हणाला, “मरुत्.” आम्ही क्षणभर स्तब्ध झालों.

त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. याचा कर्ता कुर्ट टांक हा जर्मन. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याच्या कचेरींत मुल्थॉप या सहकाऱ्यानें ‘टा १८३’ नांवाच्या झोतविमानाचा आराखडा गुप्तपणें केला होता. हवेच्या बोगद्यांत त्याच्या प्रतिकृति तपासल्या गेल्या. पण १९४५ सालीं जर्मनी पडली आणि तें विमान कागदावरच राहिलें. टांक अर्जेंटिनांत गेला. तेथें त्याच विचारांतून ‘पुल्की द्वितीय’ हें विमान १९५० सालीं उडालें. चांचणींत वैमानिकांचे प्राणही गेले, आणि तें कारखान्यांतून सैन्यापर्यंत कधींच पोंचलें नाहीं. १९५६ सालीं टांक बंगळुरास आला. मरुताची आकृति निराळी, इंजिनें दोन. पण अनुभवाची शिदोरी तीच. आधीं पूर्णाकृति लांकडी विमान करून, १९५९ सालीं तें दुसऱ्या विमानानें आकाशांत ओढून नेऊन सोडीत व तपाशीत. मग १७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास यांनीं खरें मरुत् उडविलें. योजिलेलें बलवान् इंजिन मात्र अखेरपर्यंत मिळालें नाहीं, म्हणून अपेक्षित वेग कधीं गांठतां आला नाहीं. त्याच्या पुढच्या आवृत्तीचे आराखडे कागदावरच विझले. १९७० च्या जानेवारींत मरुताच्याच चांचणींत दास यांचा अंत झाला. जवळच्या एका रस्त्यास त्यांचें नांव आहे. तरी १९७१ च्या युद्धांत या विमानांनीं राजस्थानच्या सीमेवर कामगिरी केली.

आमच्या मनांत आलें, न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें आम्हीं मुलांकडून घोकून घेतलीं. पण स्वतः मात्र शब्दावरच थांबलों. न बांधलेला आराखडा ही लाजेची गोष्ट नव्हे. टांकाचाही तसाच राहिला. तळपद्यांनीं हातानें कांहीं करून पाहिलें, हेंही थोडें नव्हे. त्यांच्या प्रयत्नास सिद्धि म्हणून सांगणारे आम्ही दोषी. टांकाचा कागद वाऱ्यासमोर उभा राहिला, चुकला, पुन्हां उभा राहिला. वारा कोणाच्या गोत्राची वा राष्ट्राची भीड धरीत नाहीं.

आम्हीं विद्यार्थ्यास म्हटलें, “बाबा, त्या दिवशीं तुझा प्रश्न बरोबर होता. उभें राहावयाचें तें आम्हीं.” तो कांहीं बोलला नाहीं. पहारेकऱ्याकडून एक खुर्ची मागून आणली, सावलींत ठेवली, आणि म्हणाला, “गुरुजी, ऊन फार आहे. बसा.”

बंगळुरास जाणाऱ्या वाचकांनीं लालबाग अवश्य पाहावी. पण एक दुपार मुलांसह या अंगणांत घालवावी. आणि एखाद्या मुलानें ‘कोणीं पाहिलें?’ असें विचारलें, तर त्यास जवळ बसवून घ्यावें.