दोन शहरांचा जमाखर्च

मुंबई स्वस्त की पुणे, हा प्रश्न आमच्या घरी नवा नाही. सहा वर्षांपूर्वी नोकरीपायी गिरगावातले बिऱ्हाड हलवून आम्ही पुण्याला आलो, तेव्हाच मी एका वहीत दोन रकाने आखले. मराठीचा प्राध्यापक हिशेबात कच्चा असतो, असे आमच्या सौ.चे मत आहे. ते खोडून काढण्याची ही नामी संधी होती!

मुंबईच्या रकान्यात भाड्याला फारशी जागा लागली नाही. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांचे भाडे १९४७ च्या कायद्याने सप्टेंबर १९४० च्या भाड्याला बांधून टाकलेले. पुढे १९९९ च्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ दिली, तरी महिन्याचे भाडे आठवड्याच्या भाजीपेक्षा जड झाले नाही. लोकलचा सेकंड क्लासचा पास काढला की प्रवासाची चिंता मिटे. गर्दीची चिंता वेगळी. ती पासातच धरलेली असते.

पुण्यात दोन बेडरूमचा ब्लॉक, बाल्कनी, बाल्कनीत तुळस आणि मोगरा. पण ब्लॉकचा हप्ता आहे, सोसायटीची वर्गणी आहे, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचा भार आहे. दोघांच्या दोन स्कूटर आणि त्यांचे पेट्रोल आहे. २०२२ साली मेट्रो सुरू झाली, पण ती आमच्या दारावरून जात नाही. बेरीज केली, तो 'स्वस्त' पुणे महाग निघाले. सौ. म्हणाली, "आणि मोगऱ्याचे किती धरलेत?"

मी हसलो. आई मात्र हसली नाही. चाळीत वडिलांच्या छातीत कळ आली त्या रात्री चार शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले होते. "इथे लिफ्ट आहे रे, पण खुर्ची धरायला कोण आहे?" ती म्हणे. मी तो मुद्दा निमूटपणे मुंबईच्या बाजूला मांडला.

गेल्या श्रावणात भरदुपारी, आम्ही दोघे कामावर असताना, आईला घेरी आली. आमच्या वॉचमनची बायको तिच्याजवळ बसलेली होती. ती रोजच येई, हे मला त्या दिवशी कळले. नवराबायकोने आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. मी धापा टाकत पोचलो आणि रिक्षाचे पैसे पुढे केले.

"राहू द्या, सर," तो म्हणाला. "आजी आमच्या पोरीला पाढे शिकवतात."

सहा वर्षे हा माणूस मला सकाळी सलाम करीत होता. त्याचे नाव मी दवाखान्यात विचारले.

आई आता बरी आहे. परवा फराळाची ताटे भरताना तिने पहिले ताट खाली धाडले. घेऊन मीच गेलो. त्यांच्या एका खोलीत मला बसायला खुर्ची दिली गेली, आणि चहा घेतल्याखेरीज काही वर येऊ दिले नाही.

वही अजून अपुरीच आहे.